फ्रीजच्या पोटात धूर



फ्रीज कायमचा बंद पडला की आपल्याकडे त्याचं काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कुणी त्यात जुने कपडे ठेवतं, कुणी तांदूळ, तर कुणी पुढच्या हंगामाचं बियाणं. उंदीर शिरत नाही, ओल लागत नाही. बाकीचे भंगारवाल्याला हाक मारतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मात्र मी त्याचा वेगळाच उपयोग पाहिला. तिथले लोक जुन्या फ्रीजमध्ये मांसाला धुरी देतात. ज्या कपाटात आयुष्यभर बर्फ झाला, त्याच कपाटात म्हातारपणी धूर कोंडायचा आणि सॉसेजच्या माळा टांगायच्या!

माझा व्यवसाय रेफ्रिजरेशनचा. १९८८ ते २००४ अशी सोळा वर्षं मी मिलवॉकी शहराजवळ शीतगृहांची यंत्रं बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम केलं. मग वेंगुर्ल्याजवळच्या माझ्या गावी परत आलो. गप्पांच्या ओघात हा फ्रीजचा किस्सा मी सांगतो आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "मग आमच्या बंद पडलेल्या डीप फ्रीजरमध्ये बांगड्यांना धुरी देता येईल का हो?" या प्रश्नाला नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. आज तेच जरा सविस्तर सांगणार आहे.

आधी धुरीबद्दल थोडं. भारतात गोदरेज कंपनीनं फ्रीज बनवायला सुरुवात केली १९५८ साली. त्याआधीही माणूस मांस-मासे टिकवत होताच. मीठ, ऊन आणि धूर ही त्याची तीन साधनं. कोकणात मीठ आणि ऊन मुबलक, म्हणून आपण सुके बोंबील, सोडे, खारे बांगडे केले. गोव्यात डुकराच्या मांसाला मीठ, मिरची, लसूण आणि माडाचं व्हिनेगर लावून चोरिसांच्या माळा करतात, त्या उन्हात वाळवतात आणि चुलीच्या धुरावरही टांगतात. नागालँडमध्ये घरातल्या चुलीवर मांस टांगलेलं असतं. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर कुपा, म्हणजे ट्यूना मासा, उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात. त्याला मासमीन म्हणतात.

विस्कॉन्सिनमध्ये एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक मोठ्या संख्येनं आले आणि सॉसेजची विद्या घेऊन आले. तिथे दर नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीनं हरणं मारण्याचा परवानाधारक हंगाम असतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं हा विषयच संपवला आहे आणि ते चांगलंच झालं. तिथे मात्र एका हरणाचं वीस-पंचवीस किलो मांस घरात येतं, त्यात डुकराची चरबी मिसळून सॉसेज बनतात आणि मग गावोगावी शेडमधून धूर निघायला लागतो.

माझे शेजारी एक निवृत्त शेतकरी होते. त्यांच्या गोठ्यालगतच्या शेडमध्ये १९५० च्या आसपासचा एक फ्रीज होता. गोल खांद्यांचा, जाड पत्र्याचा, दाराला जुन्या मोटारीसारखी खटक्याची मूठ. त्याचं धुरीचं कपाट करायचं त्यांनी ठरवलं आणि मी पडलो फ्रीजवाला, म्हणून मला हाक मारली.

पहिलं काम गॅस काढण्याचं. त्या काळच्या फ्रीजमध्ये आर-१२ नावाचा वायू असे. १९२८ मध्ये तो शोधला गेला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं, कारण तो पेट घेत नव्हता. पुढे कळलं, की तो वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ च्या माँट्रियल करारानं त्याला आवर घातला आणि भारतातही २०१० पर्यंत फ्रीजमधला त्याचा वापर थांबला. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून असा गॅस हवेत सोडणं हाच गुन्हा आहे. म्हणून आधी तो पंपानं सिलिंडरमध्ये ओढून घेतला, मग कॉम्प्रेसर, नळ्या आणि वायरिंग काढलं.

दुसरं काम खटका काढण्याचं. हे मी मुद्दाम सांगतो. जुन्या फ्रीजचा खटका आतून उघडत नसे. लपाछपी खेळताना मुलं टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये शिरत, दार बंद होई आणि आत गुदमरून मरत. असे इतके मृत्यू झाले, की अमेरिकेनं १९५६ मध्ये खास कायदा केला, दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे असा. आजच्या फ्रीजच्या दाराला लोहचुंबकाची पट्टी असते, त्यामागे हाही इतिहास आहे. तरीही झाकणाचे डीप फ्रीजर आणि कुलपाची कपाटं आपल्या अंगणात पडलेली असतात. श्रोतेहो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. फ्रीज अंगणात टाकायचा असेल तर आधी त्याचं दार बिजागरीतून काढा.

तिसरं काम जाळ्यांचं. फ्रीजच्या जुन्या तारेच्या जाळ्यांवर कधी जस्ताचा, कधी कॅडमियमचा मुलामा असे. कॅडमियम विषारी. थंडीत तो गप्प बसतो. गरम झाला आणि त्यावर आंबट, खारट मांस ठेवलं की अन्नात उतरतो. त्या जाळ्या भंगारात गेल्या आणि स्टेनलेस स्टीलच्या सळ्या आल्या. दाराचं रबर काढून काचतंतूंची दोरी बसवली. खाली धूर येण्यासाठी भोक, वर धूर जाण्यासाठी नळकांडं, दोन्हींना झडपा. विस्तवाची लोखंडी पेटी दोन मीटर दूर ठेवली आणि पत्र्याच्या नळीनं धूर कपाटात आणला. इंधन सफरचंदाच्या आणि हिकरीच्या लाकडाचं.

आता यातलं मर्म. फ्रीजची भिंत थंडी धरून ठेवते असं आपण म्हणतो. खरं तर ती उष्णता अडवते. उष्णता नेहमी गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते. फ्रीज चालू असतो तेव्हा ती बाहेरून आत शिरू पाहते. धुरीच्या वेळी आतून बाहेर पडू पाहते. भिंतीला दोन्ही सारखंच. म्हणून बाहेर बर्फ पडत असतानाही त्या कपाटात मूठभर निखाऱ्यांवर तापमान तासन् तास टिकत असे.

पण भिंत उष्णता अडवते, म्हणजे ती उष्णता सोसते असं नाही. त्या १९५० च्या फ्रीजला आतून चिनी मातीच्या मुलाम्याचा पोलादी पत्रा होता आणि मधे काचेचा लोकर. दोन्ही आगीला भीत नाहीत. नंतरच्या फ्रीजची गोष्ट वेगळी. आत प्लॅस्टिक, ते शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मधे पॉलियुरेथेनचा फेस, ज्या 'पफ'चं जाहिरातींत एवढं कौतुक व्हायचं तोच. थंडी राखायला यासारखं दुसरं काही नाही. पण पेटला तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे जीवघेणे वायू निघतात. शिवाय आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा वायू असतो. तो स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. अशा फ्रीजला ग्राइंडर लावला आणि ठिणगी पडली, तर धुरीच्या आधीच आग.

मग ओळखायचं कसं? आतल्या भिंतीला लोहचुंबक चिकटला म्हणजे झालं असं काही जण सांगतात. ते पुरेसं नाही. कितीतरी डीप फ्रीजर आतून पत्र्याचे असतात आणि पत्र्यामागे फेसच असतो. मागची पट्टी काढून भिंतीच्या पोटात पाहा. पिवळसर, स्पंजासारखं काही दिसलं, तर तो विचार तिथेच सोडा.

आता धुराकडे वळू. लाकूड भडकून न जळता धुमसतं तेव्हा त्यातल्या लिग्निनपासून ग्वायकॉलसारखी द्रव्यं तयार होतात. धुरीचा वास आणि चव त्यांची. पृष्ठभागावर धूर जंतूंना रोखतो, चरबी खवट होऊ देत नाही. पण हे सारं वरवर. आतपर्यंत धूर पोचत नाही. आत राखण करतात मीठ आणि उष्णता. १८२० च्या सुमारास जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागात युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरनं सॉसेज खाऊन लुळे पडून मरणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. सॉसेजला लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणतात, त्यावरून त्या विषबाधेला बोट्युलिझम हे नाव पडलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका खेड्यात मरणाच्या जेवणात डुकराच्या खारवलेल्या मांसातून ती झाली, तीन माणसं दगावली आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी तो जंतू शोधून काढला. हवा नसलेल्या जागी तो वाढतो, आणि सॉसेजच्या पोटात हवा नसते. म्हणून माझे शेजारी मिठाबरोबर नायट्रायटही तोलून घालत, अंदाजानं कधीच नाही. त्यांच्याकडे तापमापक दोन होते, एक कपाटाचा आणि एक मांसात खुपसायचा. आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय ते सॉसेज खाली उतरवत नसत.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. निखाऱ्यावर चरबी ठिबकली की धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं वाढतात. युरोपीय संघानं २०१४ पासून धुरी दिलेल्या मांसात त्याची मर्यादा किलोमागे दोन मायक्रोग्रॅमवर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं, आणि धुरीचं मांस त्यातच येतं. तेव्हा हे खाणं लोणच्यासारखं, तोंडी लावण्यापुरतं. विस्तव कपाटाबाहेर ठेवायचा आणि धूर नळीनं आणायचा, त्याचं एक कारण हेही.

आता गावाकडे येतो. आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांनी आइस्क्रीमच्या दुकानातला एक बंद डीप फ्रीजर मिळवला होता. बांगडा भरपूर लागला की भाव पडतो. त्या दिवसांत धुरी देऊन ठेवला तर चार पैसे सुटतील, हा त्यांचा हिशोब. हिशोब बरोबरच होता. फ्रीजर आतून चकचकीत पत्र्याचा, म्हणून त्या खुशीत होत्या. मी मागची पट्टी काढून दाखवली. आत पिवळा फेस. "काका, एवढा चांगला डबा फुकट गेला म्हणायचा!" त्यातली एक जण म्हणाली. मी म्हटलं, "फुकट कशाला? त्याला त्याचंच काम देऊ."

बांगडा आणि कुपा या माशांचा एक स्वभाव आहे. पकडल्यावर ते बर्फात ठेवले नाहीत, तर त्यांच्यात हिस्टॅमिन नावाचं द्रव्य तयार होतं. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं, उलट्या होतात. आणि ते एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, धुरानंही जात नाही. म्हणजे धुरीच्या धंद्याची पहिली गरज धूर नाही, बर्फ आहे. मेकॅनिककडून गॅस आणि कॉम्प्रेसर काढून घेतला, झाकणाचं कुलूप तोडलं, तळाला पाणी जायला भोक ठेवलं आणि तो फ्रीजर उत्तम बर्फाची पेटी झाला. जेटीवरून आलेला बांगडा आता थेट त्यात जातो.

धुरीसाठी आम्ही घानातल्या बायकांचा कित्ता गिरवला. तिथे आक्रा शहरातल्या चॉर्कर या कोळी वस्तीत १९७० च्या सुमारास एक भट्टी तयार झाली. खाली मातीच्या किंवा विटांच्या चार भिंती, पुढे विस्तवासाठी तोंड, वर लाकडी चौकटीच्या जाळ्या एकावर एक रचलेल्या. त्या चौकटींचीच चिमणी होते. आम्ही भिंती चिऱ्याच्या केल्या. चिरा आपल्या दारचा, उष्णतेला भिणारा नाही. इंधन आंब्याचं सुकं लाकूड आणि नारळाची सोडणं. काजूच्या बियांची टरफलं घालायची नाहीत, हे मी तिथे खडूनं लिहून ठेवलंय. त्यातल्या तेलानं कातडी सोलते, मग धुरानं काय होईल! रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूडही वर्ज्य.

मासे मिठाच्या पाण्यातून काढून आधी वाऱ्यावर कोरडे करायचे, मग धुरी, आणि पूर्ण शिजल्याशिवाय उतरवायचे नाहीत. विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करायची. आणि तयार मासे ठेवायचे कुठे, तर चालू फ्रीजमध्ये. कारण अशी धुरी दिलेला मऊ मासा सुक्या बोंबलासारखा महिनोन् महिने फळीवर राहत नाही.

तेव्हा श्रोतेहो, घरातला फ्रीज बंद पडला आणि त्यात धूर कोंडायची हौस आली, तर आधी त्याच्या भिंतीत डोकावून पाहा. आत काचेचा लोकर आणि पोलाद असेल, तर जाणत्या माणसाला बोलवा. फेस असेल, तर त्याला बर्फ भरा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. आणि धुरासाठी चार चिरे रचा.