महिनाअखेरचे पाहुणे

शाळांना सुट्ट्या लागल्यात, आणि पुण्यातल्या कितीतरी घरांत आता माळ्यावरचे तंबू खाली निघतील. गाडी काढायची, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत जुन्नर गाठायचं. एक रात्र नाणेघाटाच्या बाजूला, दुसरी माळशेजजवळ खिरेश्वरला, मग कोतूळ-राजूरच्या रस्त्यानं भंडारदरा. मुलांना कळसूबाईचं शिखर दाखवायचं, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ दाखवायचं. हा सगळा रस्ता तुम्हाला पाठ आहे, तो मी सांगत बसत नाही. तंबू परवानगी असेल तिथेच लावायचा, हेही तुम्ही जाणता. माझ्या वाट्याला आलेल्या मिनिटांत मला एकच सांगायचंय. पाणी घरून न्या. पिण्याचं तर न्याच, पण स्वयंपाकाचं, भांड्यांचं, हातपाय धुण्याचंसुद्धा घरून न्या.

तुम्ही म्हणाल, सह्याद्रीत आणि पाण्याची चणचण? आपल्या पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि रतनवाडी-घाटघरच्या पट्ट्यात कित्येक हजार. मग आम्ही कॅन का वाहायचे?

सांगते. महिनाअखेरीला एखाद्या घरी पाहुणे येतात ना, तसे आपण मे महिन्यात डोंगरात जातो. त्या घराचा पगार होतो आषाढात. पगार दांडगा, पण तो चार महिन्यांतच हातात पडतो आणि घराला कप्पे नाहीत. काळा बेसॉल्ट आपल्या पोटात पाणी फारसं धरत नाही. भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात मुरेल तेवढंच, बाकीचं उतारावरून पळालं. खाली माणिकडोह, पिंपळगाव जोगे ही धरणं आहेत, म्हणजे बँकेत शिल्लक दिसते. पण ते खातं दुसऱ्याच्या नावावर. ते पाणी कालव्यानं खालच्या तालुक्यांच्या शेतीला जातं आणि वाडी असते धरणाच्या वर, चढावर. डोळ्यांसमोर जलाशय चमकतो आणि बाईच्या डोक्यावर हंडा. अशा घरी एकतीस तारखेला चार माणसं जेवायला आली, तर ती माऊली डबा उलटा करून, झटकून पीठ काढील आणि भाकरी थापील. पाहुण्याला कळूही देणार नाही. आणि हे न कळणंच मला फार खुपतं.

मी स्वतः हे केलंय. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन गाड्या भरून अशाच एका वाडीत उतरलो होतो. अंगणात तंबू लावले. मुलं धुळीनं माखलेली. ओसरीवर बादली दिसली, ती घेऊन सगळ्यांनी पाय धुतले, एकमेकांवर उडवलंही. घरच्या आजी दारात उभ्या होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. पहाटे चारच्या सुमाराला मला जाग आली, तर आजी आणि त्यांची सून कळशा घेऊन निघाल्या होत्या. मी मागोमाग गेले. उतारावर एक झिरा होता. त्यात वाटीनं पाणी घेऊन कळशी भरायची, संपलं की बसायचं, पुन्हा साचलं की पुन्हा वाटी. एका कळशीला अर्धा तास लागला असेल. आमच्या मुलांनी दहा मिनिटांत उडवलेलं पाणी ते. आजींना मी काही बोलू शकले नाही. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगते, आज तुम्हाला सांगतेय.

जुन्या वाटसरूंना डोंगरातली ही टंचाई ठाऊक होती. नाणेघाटाची वाट सातवाहनांच्या काळापासूनची, राणी नागनिकेचा लेख तिथल्या लेण्यात आहे, घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. मुलांना ते दाखवाच. पण वाटेला कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, तीही दाखवा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी त्या घराला कप्पे करून दिले. हरिश्चंद्रगडावरही अशी टाकी आहेत. आणि आपण त्यांत काय करतो? साबण लावून अंघोळ! ताटं विसळतो! अहो, टाक्यातलं पाणी वाहतं नसतं. आज पडलेला साबण आणि तेल पाऊस येईपर्यंत तिथेच राहणार, आणि गुरं, पाखरं, वाडीतली माणसं तेच पिणार.

हिशेब अवघड नाही. चार माणसं, तीन दिवस. या उन्हात प्यायला माणशी रोज चार लिटर धरा, झाले अठ्ठेचाळीस. वीस लिटरचे चार कॅन घ्या म्हणजे स्वयंपाकालाही पुरेल. डिकीत बसत नाहीत म्हणाल, तर त्या घडीच्या खुर्च्या घरी ठेवा. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, चटणी, गूळ, शेंगदाणे न्या. ताटांऐवजी पत्रावळी. खरकटं भांडं आधी राखेनं कोरडं पुसून घ्या, मग तांब्याभर पाण्यात निघतं. आमच्या आया असंच करायच्या.

आणि हे पाणी आपण कुठलं नेणार? नळाचं, म्हणजे खडकवासल्याचं. आंबी, मोसी, मुठा या नद्यांतून सह्याद्रीनंच आपल्याला दिलेलं. त्याच घरचा माल आपण वर्षभर पोटभर वापरतो, हे जरा आठवा.

     कॅन निघण्याच्या आदल्या रात्री घरीच भरून ठेवा. नारायणगावला भरू, जुन्नरला भरू म्हणून सोडलंत की राहतं. वाडीत कुणी आपणहून हंडा पुढे केला, तर एक तांब्या घ्या, प्या, त्यांचा मान राखा. पण दुसरा मागू नका.

आणि एक. परतताना शेवटच्या कॅनमध्ये पाणी उरलं, तर ते पुण्याला परत आणू नका, रस्त्यावर ओतूही नका. ज्यांच्या अंगणात राहिलात त्या घरच्या आजींना विचारा, रांजण कुठंय म्हणून.