चूक दुसऱ्याची, खर्च कोणाचा?



मागच्या वेळी आपण आवर्ती ठेवीविषयी बोललो. आजचा विषय बचतीचा वाटणार नाही, पण आहे. दर महिन्याला हजार-दोन हजार बाजूला टाकणे ही जशी बचत, तसेच साठवलेले पंधरा-वीस हजार एका दुपारी हातातून निसटू न देणे हीसुद्धा बचतच. म्हणून आज गाडीच्या विम्याविषयी बोलू. तेही एकाच प्रसंगापुरते: किरकोळ अपघात झाला, कोणाला लागले नाही, चूक समोरच्याची आहे. आता पुढे काय करायचे?

सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीपासून करतो. गेल्या पावसाळ्यात सिग्नल लाल होता म्हणून मी थांबलो होतो. मागून एका गाडीने धडक दिली. माझा मागचा बंपर फुटला, डिकीच्या झाकणाला पोचा आला. गाडी चालवणारा तरुण लगेच उतरला आणि म्हणाला, "काका, चूक माझीच आहे. पोलीस नको, विमा नको. गॅरेजचं बिल सांगा, मी भरतो." मुलगा भला वाटला. मी त्याचा मोबाइल नंबर घेतला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने २०,००० रुपयांचा अंदाज दिला. मी फोन केला. "एवढे, काका?" म्हणाला, संध्याकाळी कळवतो म्हणाला. त्यानंतर फोन उचललाच नाही. चौथ्या दिवशी नंबर बंद. आणि त्याच्या गाडीचा नंबर मी लिहूनच घेतला नव्हता. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे कागद तपासले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एक कागद हातात नाही!

मित्रहो, अशा वेळी नुकसानभरपाईचे तीन खिसे असतात. पहिला, धडक देणाऱ्याचा स्वतःचा. दुसरा, त्याच्या विमा कंपनीचा. तिसरा, आपल्या विमा कंपनीचा. या तिन्हींपैकी एकही उघडला नाही, तर चौथा उरतो, तो आपला. कोणता खिसा उघडायचा हे घरी शांतपणे ठरवता येते. पण तिन्ही उघडे ठेवायचे काम पहिल्या अर्ध्या तासातच करावे लागते.

पहिला अर्धा तास

आधी माणसे बघा. कोणाला थोडेसुद्धा लागले असेल तर तडजोडीची भाषा नको. ११२ ला फोन, दवाखाना, पोलीस. त्यानंतर बाकीचे.

कोणाला लागले नसेल तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. दोन्ही गाड्या एकत्र दिसतील असा एक, दोन्ही नंबर प्लेटचे, नुकसानीचे जवळून, आणि रस्ता व सिग्नल दिसेल असा एक. दोन मिनिटांचे काम आहे. मग गाड्या कडेला घ्या, वाहतूक अडवू नका.

समोरच्याचे लायसन्स, आरसी आणि विम्याची पॉलिसी यांचे फोटो घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर भांडू नका. गाडीचा नंबर हातात असला की एमपरिवहन अ‍ॅपवर त्या गाडीचा विमा कोणत्या कंपनीचा आहे आणि कधीपर्यंत चालू आहे, हे सहसा दिसते. एखादा दुकानदार, रिक्षावाला साक्षीदार असेल तर त्याचे नाव व फोन घ्या.

दोन गोष्टी मात्र करू नका. "माझीही थोडी चूक झाली" असे भिडेखातर बोलू नका, लिहून तर मुळीच देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये किंवा पैसे देण्याचे वचन देऊ नये, अशी अट आपल्याच पॉलिसीत असते. आणि "माझी काही तक्रार नाही" अशा चिठ्ठीवर पैसे हातात पडण्याआधी सही करू नका. ती सही नंतर वाट अडवते.

पहिला खिसा: समोरच्याचा

नुकसान दोन-तीन हजारांचे असेल तर जागेवर तडजोड करण्यात गैर काही नाही. पण उधारीची तडजोड करू नका. जवळच्या गॅरेजवाल्याला फोटो पाठवून अंदाज घ्या, आणि पैसे तिथेच यूपीआयने घ्या. म्हणजे नोंदही राहते. एक लक्षात ठेवा, बंपर वरून नुसता खरचटलेला दिसतो, आतले क्लिप आणि पट्टी मोडलेली असते. म्हणून अंदाज येण्याआधी आकडा बोलू नका.

दुसरा खिसा: समोरच्याच्या विमा कंपनीचा

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपण इंदूरला राहत असू, बडोद्याला, हैदराबादला की नागपूरला, कायदा तोच. विमा नसलेली गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते. धडक देणारी खासगी कार असेल तर साधारणपणे ७.५ लाख रुपयांपर्यंत, दुचाकी असेल तर १ लाखापर्यंत. काही जण हप्ता थोडा वाचवण्यासाठी ही मर्यादा ६,००० वर आणतात. आपल्या स्वतःच्या पॉलिसीत तसे केलेले नाही ना, हे आज घरी गेल्यावर बघा.

समोरचा माणूस विम्याला घाबरतो, कारण त्याला वाटते की आपला बोनस जाईल. त्याला शांतपणे सांगा: नो क्लेम बोनस हा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असतो. थर्ड पार्टी दाव्याने तो जात नाही.

या खिशाची अडचण अशी की रक्कम सहज हातात येत नाही. कंपनीशी समजुतीने मिटले नाही तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. अपघातापासून ६ महिन्यांच्या आत. दिलासा एवढाच, की अपघात परगावी झाला तरी आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी पोलीस ठाण्यातली नोंद, फोटो आणि पक्की बिले लागतात. म्हणून नुकसान मोठे दिसत असेल तर त्याच दिवशी पोलिसांत नोंद करून तिची प्रत घ्या. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे त्यांना तर हे विसरून चालणार नाही, कारण त्यांना तिसरा खिसाच नाही.

तिसरा खिसा: आपल्या विमा कंपनीचा

सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर चूक कोणाचीही असो, आपल्या कंपनीकडे दावा करता येतो. हा रस्ता सगळ्यांत सोपा. त्याच दिवशी कळवा. सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत गाडी दुरुस्त करू नका.

पण इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. "चूक माझी नव्हती, मग माझा बोनस कसा जाईल?" जातो. हा बोनस चूक न केल्याचा नाही, दावा न केल्याचा आहे. म्हणून आता वही काढा आणि माझा हिशेब माझ्याबरोबर मांडा.

माझी गाडी साडेतीन वर्षांची. अंदाजपत्रक २०,००० चे: बंपर ८,०००, डिकीचे नवे झाकण ६,०००, रंगकाम ४,०००, मजुरी २,०००. कंपनी घसारा कापते. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून निम्मे, मिळणार ४,०००. लोखंडी भागावर तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के कपात, म्हणजे झाकणाचे ४,५००. रंगकामाच्या बिलात चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, म्हणजे ३,५००. मजुरी पूर्ण, २,०००. झाले १४,०००. त्यातून सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये. हातात १३,०००. झिरो डेप्रिसिएशनची जोड पॉलिसी असती तर घसारा वाचला असता. माझ्याकडे नव्हती.

आता दुसरी बाजू. बोनस नसताना स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १०,००० आहे असे धरा. बोनसची शिडी अशी: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. मी ३५ वर होतो. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट, भरायचे ५,५००. दावा केला तर सूट शून्य, भरायचे १०,०००. फरक ४,५०० चा. त्यापुढच्या वर्षी एकीकडे ५० टक्के, दुसरीकडे २०. फरक ३,०००. मग २,५००, मग १,५००, मग ५००. पाच वर्षांत एकूण १२,०००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून खरा आकडा थोडा कमी निघेल. पण अंदाज आला ना? १३,००० घ्यायचे आणि १२,००० च्या आसपास हप्त्यातून परत करायचे!

याचा अर्थ दावा कधीच करू नये असा नाही. नुकसान ५०,००० चे असेल तर डोळे झाकून करा, विमा त्यासाठीच घेतला आहे. बोनस अजून शून्यावर किंवा २० वर असेल, तर गमावण्यासारखे थोडेच असते. पुढच्या वर्षी पुन्हा दावा करायची वेळ आली, तर आज वाचवलेला बोनस तेव्हा जाणारच, हेही ध्यानात घ्या. नियम एकच: आधी दोन आकडे शेजारी शेजारी लिहा, मग ठरवा.

एक इशारा. दावा घेतल्यावर पुढच्या वर्षी कंपनी बदलून "बोनस आहे" असे खोटे लिहू नका. कंपन्या एकमेकींकडून खात्री करून घेतात. मग खरी गरज असते तेव्हाच दावा अडतो.

कंपनीने अडवले तर

आपल्याच कंपनीने दावा नाकारला किंवा फार कापला, तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आता माझ्या गाडीचे काय झाले ते सांगून थांबतो. वरचा हिशेब मांडल्यावर मी झाकण बदलले नाही, पोचा काढून घेतला. बंपर नवा घातला. काम १२,००० मध्ये झाले. दावा केला असता तर त्यातले साधारण निम्मेच मिळाले असते आणि बोनस गेला असता, म्हणून केला नाही. ते १२,००० चौथ्या खिशातून गेले. त्या मुलाच्या नंबर प्लेटचा एक फोटो असता, तर कदाचित गेले नसते. माझ्या अर्ध्या तासाच्या गाफीलपणाची ती फी समजा. मी भरली आहे, तुम्ही भरू नका.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. पॉलिसी काढा. ती कधी संपते, बोनस किती टक्के आहे आणि कंपनीचा दाव्यासाठीचा फोन नंबर कोणता, या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी गाडीत ठेवा. आणि घरात जो कोणी ती गाडी चालवतो, त्यालाही दाखवा.