भार वाहताना ईर्यासमिती



चार हात भूमी निरखून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण. परंतु ज्यास पाऊलच टाकता येत नाही, त्याच्यासाठी ही दक्षता इतरांनी घ्यावयाची असते.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याखालील नियमांनुसार बसमधील व्हीलचेअर लिफ्टने किमान ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो भार पेलला पाहिजे. दोर, कप्पी अशा झिजणाऱ्या भागांची ताकद त्याच्या सहापट असावी लागते. मात्र ही जादा भार चढविण्याची मुभा नव्हे. झीज व आकस्मिक धक्के यांसाठी राखलेली ती पुंजी होय. लिफ्ट मिटल्यावाचून बस हलू नये आणि वीज खंडित झाल्यास प्रवाशास सुखरूप खाली आणता यावे, अशीही तरतूद आहे.

चूक घडते ती बेरजेत. आजोबा ७० किलोंचे. त्यांची विजेवरील खुर्ची १५० किलोंची असू शकते. ६५ किलोंचा मुलगा आधारासाठी शेजारी उभा राहिला, की २८५ किलो झाले! प्रेमापोटीच मर्यादा ओलांडली गेली.

म्हणून लिफ्टवरील आकडा वाचावा, खुर्चीचे वजन आधीच विचारून घ्यावे, ब्रेक लावावेत आणि सोबत्याने खालीच थांबावे. यात्रेची बस ठरवितानाही हीच चौकशी व्हावी.

सावधपणे उचललेला भार हीदेखील अहिंसाच होय. जय जिनेंद्र!