मेंढपाळ व माळरान
(साहाय्यक समितीच्या सभेंत केलेलें निवेदन)



दुष्काळनिवारणाच्या फंडांतून माळरानाच्या रक्षणासाठीं पैसा कां खर्चावा, असा प्रश्न कांहीं वर्गणीदारांनीं आम्हांस विचारला आहे. त्याचें उत्तर देणें आमचें कर्तव्य होय.

माण, खटाव, आटपाडी, सांगोला या तालुक्यांत पाऊस मुळांतच थोडा. येथील धनगरांचें पोट मेंढरांवर, आणि मेंढरांचें पोट माळावरील कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांवर. लांडगाही याच माळाचा रहिवासी. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याची शिकार बंद झाली. सन १९७९ मध्यें सोलापूरनजीक नान्नज येथें माळढोकासाठीं अभयारण्यही झालें. परंतु लांडगा अभयारण्याची सीमा ओळखीत नाहीं. तो मोकळ्या माळावर, धनगरवाड्याच्या आसपासच हिंडतो. तेथें त्याला राखणें वा मारणें मेंढपाळाच्याच हातीं असतें.

सुकाळांत एखादें कोकरूं गेलें तर पुष्कळ धनगर तें लांडग्याच्या वांट्याचें म्हणून सोडून देतात. दुष्काळांत चाऱ्यापायीं मेंढरें विकावीं लागलेलीं असतां उरलेल्यांतील एक मेंढी जाणेंही सोसवत नाहीं. सरकारी भरपाई आहे. पण तीस पंचनामा लागतो, आणि तो होईपर्यंत वाडा दोन मुक्काम पुढें गेलेला असतो. मग कोणी रागानें मेलेल्या मेंढीवर विष घालतो. त्यानें लांडगा मरतो, खोकड मरतें, आणि धनगराचें राखणीचें कुत्रेंही मरतें.

हिमालयांत स्पिती खोऱ्यांतील किब्बर गांवीं सन २००० च्या आगेंमागें निराळी वाट निघाली. गांवकऱ्यांनीं मोबदला घेऊन चराईची कांहीं जमीन वन्य जनावरांसाठीं मोकळी सोडली, आणि हिमबिबट्यानें मारलेल्या गुरांसाठीं वर्गणीचा विमा चालविला. नुकसान वांटून घेतल्यावर राखणदार गांवांतच मिळाले.

त्याच धोरणानें आम्हीं तीन गोष्टी योजिल्या आहेत. पहिली, मेंढरांस कडब्याची कुट्टी, सरकी पेंड व पाणी पुरवावें. त्याबदल्यांत वाड्यानें ठरलेला माळ गवताचें बी गळेपर्यंत चारूं नये. दुसरी, लांडग्यानें जनावर मारल्यास वाड्यांतील दोन वडीलधाऱ्यांच्या शब्दावर तत्काळ मदत द्यावी, व रात्रीं मेंढरें कोंडण्यास जाळीची वाघर पुरवावी. तिसरी, वणवा व फासे यांची खबर देणाऱ्या मेंढपाळांस मानधन द्यावें. कारण माळावर धूर प्रथम त्यांसच दिसतो.

व्यापारी मंडळींनीं पेंड व रोकड द्यावी. जमीनदारांनीं पडीक रानांत मेंढरें बसवूं द्यावीं व विहिरीचें पाणी खुलें करावें. लेंडीखतानें त्यांच्याच जमिनीचें कल्याण होईल. आज वांचलेलें गवत पुढील वर्षाचा चारा आहे. तो राखणारा माणूस कळप विकून शहराकडे निघून गेला, तर तो पुन्हा माळावर येणार नाहीं. म्हणून यथाशक्ति साहाय्य पाऊस लांबण्यापूर्वींच पाठवावें, अशी आमची नम्र विनंती आहे.