असईच्या इवल्याशा तोफा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समोरच्या टेबलावर ज्या बोटभर लांबीच्या तोफा मांडल्या आहेत, त्या शोभेच्या नव्हेत. लढाईच्या खेळातल्या आहेत. दोघे खेळाडू टेबलावर रणभूमी मांडतात, टेपने अंतर मोजतात, फासे टाकतात. प्रशियाच्या लष्करात रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली असा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी छापून आणला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने घरगुती खेळाचे नियम पुस्तकरूपाने दिले. त्याच्या तोफा तर लाकडी गोळ्या खरोखरच उडवीत! आपली मुले दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतात, त्याचीच ही थोरली बहीण म्हणा ना.

या तोफा आहेत असईच्या. जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी, केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या जागेत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्ली लढला. इंग्रज जिंकले, पण त्यांची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या, आणि त्यांतल्या पितळी तोफांची तारीफ खुद्द वेलस्लीने पत्रात केली.

आता रंगाचे सांगते. पितळी नळीला एकदम सोनेरी रंग फासला की ती देवघरातली घंटी दिसते. आधी गडद तपकिरी हात द्यावा, तो वाळला की पितळी रंग. कुंचला फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. खोलगट भागात तपकिरी राहते आणि नळीला गोलाई येते. तोंडाशी थोडी काजळी हवीच. गाड्याचा रंग मात्र देशोदेशी निराळा: नेपोलियनच्या फ्रेंचांचा हिरवट, इंग्रजांचा करडा, ऑस्ट्रियनांचा पिवळा. रांगोळीची रेघ ज्यांच्या बोटांत आहे, त्यांना चाकाचे आरे रंगवणे काय कठीण!

खरी परीक्षा आहे ती तोफेखालच्या तळपाटाची. पुठ्ठ्यावर फेव्हिकॉल लावून मी चहाचा धुऊन वाळवलेला चोथा पसरते. तिकडची काळी जमीन हुबेहूब उतरते. सप्टेंबर म्हणून थोडा हिरवा रंगवलेला भुसा. मग माणसे चिकटवायची, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. एक गोलंदाज ओल्या बोळ्याने नळी पुसतो आहे आणि दुसरा त्याच वेळी बत्ती देतो आहे, असे कसे चालेल? नळी पुसताना आणि दारू ठासताना एकाने बत्तीचे छिद्र अंगठ्याने दाबून धरायचे असते, नाहीतर आत राहिलेली ठिणगी फुलते आणि ठासणाऱ्याचे हात जातात. म्हणून एका पाटावर एकच क्षण असावा. बत्तीचा क्षण असेल तर चाकांमागे कोणी उभा नको. तोफ धक्क्याने मागे येते.

माझ्या एका पाटावर सगळे आडवे पडलेले आहेत, ते पाहून परवा एका मैत्रिणीने विचारले, "अहो, ही माणसे चिकटवायची राहिली का?" राहिली नाहीत. इंग्रजांचे पायदळ तोफांची रांग ओलांडून पुढे गेले, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि त्यांनी इंग्रजांच्या पाठीवर मारा केला. त्या तोफा पुन्हा घ्यायला वेलस्लीला मागे वळावे लागले. त्या गोलंदाजांची नावे मला कोठे मिळाली नाहीत. पाट मात्र त्यांचा. चाकाला टेकून पडलेल्या त्या माणसाचे डोळे मी उघडे रंगवले आहेत. सगळ्यांत बारीक कुंचला त्यालाच लागला.

चहानंतर सर्वांनी जवळून पाहावे. तोफ उचलायची तर पाटाला धरून उचला, नळीला धरू नका.