माझी वही कशी असावी

आदरणीय सर, बाई, गणिताच्या सरांच्या काकू आणि 1988 च्या दहावी 'ब'मधल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी भाषण पाठ करून आलोय असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला हा डबा म्हणजे माझी वही. डाव्या हाताची बोटं तिच्यावर फिरताहेत आणि तोंड तुमच्याकडे आहे. संयोजक म्हणाले, "तुझ्या कामाबद्दल बोल." कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो, त्यात सांगण्यासारखं फार नाही. त्यापेक्षा वहीबद्दल बोलतो, कारण तिची पहिली आवृत्ती तुम्ही सगळ्यांनी सोसलेली आहे.

सोसली म्हणजे ऐकली. ब्रेलची पाटी आणि स्टायलस. जाड कागदावर उजवीकडून डावीकडे एकेक ठिपका टोचायचा आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. बाई शुद्धलेखन घालायच्या तेव्हा सगळ्या वर्गाची पेनं गप्प आणि माझं एकट्याचं ठक्‌ठक्‌ठक्. ते थांबेपर्यंत बाई पुढचं वाक्य सांगत नसत. तेवढ्या वेळात कोण कुणाचं बघून लिहीत होतं, ते मला आता कळलंय.

या ठिपक्यांची गोष्ट तुम्हाला शाळेत सांगायची राहून गेली. फ्रान्समध्ये शार्ल बार्बिए नावाच्या डोळस गृहस्थांनी 12 ठिपक्यांची लिपी केली होती. कल्पना उत्तम, पण एक खूण वाचायला बोट वरखाली फिरवावं लागे. लुई ब्रेल या अंध मुलाने, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती 6 ठिपक्यांवर आणली. बोटाच्या एका टोकाखाली अख्खं अक्षर मावलं. माझ्या मते या विषयातली सगळी अक्कल त्या एका बदलात आहे, आणि तरी यंत्रं करणारे ती दर दहा वर्षांनी विसरतात.

1987 साली अमेरिकेत डीन ब्लेझी यांनी 'ब्रेल एन स्पीक' नावाचं यंत्र काढलं. सात कळा: सहा ठिपक्यांच्या सहा आणि एक मोकळ्या जागेची. पडदा नाही, बटणांची जत्रा नाही. टाइप करा, ते वाचून दाखवतं. आपण तेव्हा दहावीला लागलो होतो आणि आपल्या गावात त्याची बातमीसुद्धा आली नाही. मला असलं यंत्र मिळालं 2004 साली, आतेभावाने तिकडून आणलेलं, जुनंच, पण आवाजाच्या जोडीला बोटाखाली 18 अक्षरांची ओळ असलेलं. बारीक खिळे वर येतात, खाली जातात आणि अक्षरं बदलतात. किंमत विचारू नका. नव्याच्या किमतीत आपल्या गावात तेव्हा घर झालं असतं.

तुम्ही म्हणाल, हल्ली फोन बोलतो, मग हा डबा कशाला? बोलतो, पण आवाजाला 'ि' आणि 'ी' सारखेच. बाईंनी ज्याच्यासाठी माझे गुण कापले तो ऱ्हस्व-दीर्घ मला फक्त बोटाला कळतो. ब्रेलमध्ये 'कि' लिहिताना आधी क आणि मग इ, उच्चाराच्या क्रमाने. जोडाक्षराच्या आधी हलन्ताचा ठिपका येतो. ऐकून ऐकून शिकलेल्या मुलांचं मराठी लेखन तपासतो तेव्हा हे फार जाणवतं.

गेल्या वर्षी अभियांत्रिकीची तीन मुलं आपलं यंत्र दाखवायला घरी आली. गुणी मुलं. यंत्र सुरू केल्याबरोबर त्याने इंग्रजीत माझं स्वागत केलं. पडदा काचेचा, गुळगुळीत. मी म्हणालो, "बाळांनो, या काचेवर मी कुठे आहे?" मला उठावाच्या कळा हव्यात, रोज त्याच जागी. सुरू करताच कालच्या ओळीवर यायला हवं. वर्गात मुलं थांबत नाहीत. विचारल्याशिवाय बोलू नये. पुढची ओळ अंगठ्याने सरकावी, म्हणजे वाचणारं बोट उचलावं लागत नाही. प्रत्येक अक्षराच्या वर एक छोटी कळ असावी, ती दाबली की दुरुस्ती नेमकी तिथेच. नाहीतर चुकीपर्यंत एकेक पाऊल टाकत जायचं. आणि आज्ञा हाताला पटाव्यात. माझ्या डब्यावर मोकळ्या जागेबरोबर डाव्या हाताची तिन्ही बोटं दाबली की लेखाची सुरुवात, उजव्या हाताची तिन्ही दाबली की शेवट. हे एकदा सांगितलं की कुणी विसरत नाही.

मुलांनी सगळं लिहून घेतलं. मग मी त्यांना माझ्या एका मित्राकडे पाठवलं. त्याची दृष्टी पंचविसाव्या वर्षी गेली, तो बँकेत आहे. त्याने सांगितलं, "ब्रेल-बिल नको, साधा टंकलेखनाचा कळफलक द्या आणि भरपूर बोलू द्या." मुलं गोंधळून परत आली. तोही बरोबर आहे. त्याची बोटं आधी टंकलेखन शिकली, माझी आधी ठिपके.

आता ज्यासाठी हे सगळं काढलं ते.

तीन वर्षांपूर्वी गणिताच्या सरांची शोकसभा झाली. माझा डबा दुरुस्तीला परगावी गेला होता, चार महिने. म्हणून भाषणाचे मुद्दे फोनमध्ये होते. एका कानात फोनचा आवाज, तोंडात माझा. बोट काचेवर किंचित घसरलं आणि फोनने भर सभेत बॅटरी किती उरली ते मोठ्याने सांगितलं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मुद्दा परत सापडेना. "सर मोठे होते," एवढं बोलून मी खाली बसलो. काकू, तुम्ही पहिल्याच रांगेत होता.

तेव्हा म्हणायचं होतं ते हे. आठवीत माझ्या ठक्‌ठकीची तक्रार झाली. मला मागच्या बाकावर न्यावं असं ठरत होतं. सर दुसऱ्या दिवशी घरून जुनी सतरंजी कापून घेऊन आले, पाटीखाली घातली आणि म्हणाले, "लिही." आवाज कमी झाला, पण पाटी सरकायला लागली. मी काही बोललो नाही. सरांनीच विचारलं, "हात बसतोय का?" मी नाही म्हणालो. मधल्या सुट्टीत त्यांनी बाकाच्या कडेला लाकडी पट्टी ठोकली. परत विचारलं, "आता?" मी म्हणालो, थोडी डावीकडे. त्यांनी खिळे उपटले आणि पट्टी डावीकडे घेतली. दहावीपर्यंत मी त्याच बाकावर बसलो.

आज सकाळी वर्गात जाऊन आलो. बाक सगळे नवे आहेत, लोखंडी. शिपाईमामा म्हणाले, जुने दोन-चार मागच्या खोलीत रचून ठेवलेत, जेवणानंतर कुलूप काढतो. ज्यांना यायचं असेल त्यांनी माझ्याबरोबर यावं. काकू, तुम्ही याच.