नगररचना शिकून काय होतं?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या सोसायटीतली एक लेक सिव्हिल इंजिनिअर झाली. आता ती एम. प्लॅन. म्हणजे नगर नियोजनाचं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हणते. तिच्या वडिलांनी मला विचारलं, "साहेब, हे शिकून काय होतं?" उत्तर सगळ्यांसमोरच देतो.

बँकेत मी घरकर्जाच्या फायली पुष्कळ पाहिल्या. सातबारा, एन. ए. आदेश, मंजूर ले-आउट. कागदावर नाली, रस्ता, मोकळी जागा सगळं जागच्या जागी. पाहणीला गेलं की नऊ मीटरचा रस्ता सहाचा झालेला आणि मोकळ्या जागेत कुणाची तरी म्हैस बांधलेली! प्लॉट घेणाऱ्याला नकाशा वाचता येत नाही, हे खरं दुखणं.

हा विषय काही कालचा नाही. देशातला पहिला नगररचना कायदा १९१५ साली आपल्या मुंबई इलाख्यात झाला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले ते पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्राचे, पण त्यांनी देशभरातली शहरं पायी हिंडून पाहिली. आधी गाव आणि माणसं नीट पाहा, मग रेघ मारा, असा त्यांचा आग्रह होता.

गाव पाहायचं तर बीडसारखं दुसरं कुठलं? खजाना विहिरीचं पाणी जमिनीखालच्या मार्गाने, नुसत्या उतारावर शेतापर्यंत जायचं. सोळाव्या शतकातलं काम, मोटार नाही की वीज नाही. आणि याच गावात जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला पूर आला तेव्हा काय झालं, ते ज्येष्ठांना सांगायला नको. पाणी कुठून येतं नि कुठे जातं, घर कुठे बांधू नये, हेच तिला शिकायचं आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. राज्याचा नगररचना विभाग आहे, नगरपालिका-महानगरपालिका आहेत, खासगी सल्लागार आहेत. पण मला त्याहून मोठा वाटतो तो दुसराच उपयोग. १९६६ च्या कायद्यानुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की ठरलेल्या मुदतीत कोणालाही हरकत घेता येते. आपण मात्र आरक्षण पडल्यावर जागे होतो.

गेटची परीक्षा देऊन दिल्ली, भोपाळ, अहमदाबाद आहे. जवळ हवं तर पुण्याचं सीओईपी. शैक्षणिक कर्जाचे कागद मी बघून देतो. रविवारी सकाळी मार्कशीट आणि वडिलांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन ये, बाळ.